शेवटचं घावन

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या पावसाळ्यात मी घावनं, म्हणजे आमच्याकडची तांदळाची धिरडी, करायला शिकलो. तोवर 52 वर्षं नुसती खात आलो होतो. दवाखान्यातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तोंडाक चव नाय रे. माका दोन घावणे करून दी." आमच्या घरात घावनं बायको करते, आणि ती तोवर 7.52 च्या लोकलला निघून गेली होती. रात्री करेल ती, असं मी म्हटलं. आई काही बोलली नाही, खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसली. स्वतःसाठी अमुक एक कर असं तिने कुणाला सांगितल्याचं मला आठवेना. मी उठलो.

घरात मोदकाच्या पिठाचं पाकीट होतं. ते पाण्यात कालवलं, भज्यांच्या पिठाइतकं दाट ठेवलं आणि नॉनस्टिक तव्यावर ओतून पळीच्या बुडाने डोशासारखं पसरवलं. जे झालं ते पांढरं, चिवट आणि आतून कच्चं होतं. आईने एक तुकडा मोडून खाल्ला. चवीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. "पीठ जाड झाला," एवढंच म्हणाली. "आवाजच इलो नाय."

डोंबिवलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये अख्खी भिंत आहे. आईची खुर्ची अलीकडे, गॅस पलीकडे. वॉकर घेऊन ओट्याशी उभं राहायला डॉक्टरांची मनाई होती. म्हणजे तिला तवा दिसायचा नाही, माझा हात दिसायचा नाही. पुढचे दीड महिने तिने मला जे काही शिकवलं ते भिंतीपलीकडून, ऐकून.

सुरुवात तांदळापासून झाली. पाकिटातलं पीठ तिने बादच केलं. मोदकाचं पीठ मुद्दाम मऊ, चिकट उकड व्हावी अशा तांदळाचं असतं, घावनाला नेमका तोच चिकटपणा नको असतो. मग मी घरातला इंद्रायणी भिजत घालायला निघालो, तर तोही नको. इंद्रायणीचा भात किती गोड लागतो, पण शितं एकमेकांना धरून बसतात. तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा भाग कमी असला की भात चिकट होतो, हे मी नंतर वाचलं. आईला ते नाव माहीत असायचं कारण नाही. तिचा नियम सोपा होता: ज्याचा भात मोकळा, त्याचं घावन. आणि तांदूळ जुना हवा. उकडा चालत नाही, कारण तो गिरणीत जाण्याआधीच उकडलेला असतो. शेवटी वाडा कोलम आणला. एक वाटी तांदूळ रात्री धुवून भिजत घालायचे, सकाळी मिक्सरला अगदी गंधासारखे वाटायचे. मूठभर ओलं खोबरं त्यातच. चिमूट मीठ. आणि मग पाणी.

खरं शिक्षण पाण्यापासून सुरू झालं. एका वाटीला मी दीड वाटी पाणी घातलं. आई म्हणाली, "ताकासारख्या कर." आणखी अर्धी वाटी घातलं. "वायच घाल." मला धीर होईना. इतकं पातळ पीठ तव्यावर राहील कसं, वाहून जाईल, असंच वाटत होतं. अडीच वाट्यांपर्यंत गेलो तेव्हा पळीतून पीठ दुधाच्या धारेसारखं पडू लागलं आणि ती धार पातेल्यात पडतानाचा आवाज बाहेर ऐकून ती म्हणाली, "आता आसा." कारवारच्या खाली, तुळू मुलखात याच्या सख्ख्या भावंडाला नीर डोसा म्हणतात. तुळूत नीर म्हणजे पाणी. डोशाला पाण्याचं नाव देणाऱ्या माणसाला त्यातली खरी गोम कळलेली होती, असं मला आता वाटतं.

इथे एक सांगतो, कारण कोकणाबाहेरच्या मित्रांचा यात कायम गोंधळ होतो. घावन म्हणजे आंबोळी नव्हे. आंबोळीत उडीद असतात, पीठ रात्रभर आंबवतात, ती जाडसर आणि लुसलुशीत होते, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला तोलून धरते. घावनाला आंबवणं नाही, डाळ नाही, अंडं नाही, सोडा नाही. फुगवणारं काहीच नाही. तरी ते हलकं होतं, त्याला जाळी पडते. ती पाण्याची करामत. पातळ पिठाचा थेंब तापल्या बिडावर पडला की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ झाली की पाण्याला सुमारे 1600 पट जागा लागते. ती वाफ पिठाला भोकं पाडूनच बाहेर पडते. तेवढ्यात बाजूचं पीठ शिजून घट्ट होतं, म्हणून भोक तसंच राहतं. पीठ दाट असेल तर वाफेला वाट फुटत नाही, आतल्या आत घुसमटते आणि घावनाची भाकरी होते. तवा थंड असेल तर वाफच होत नाही. माझ्या पहिल्या घावनाचा आवाज का आला नव्हता ते मला असं कळत गेलं.

तव्याचं एक वेगळंच प्रकरण. नॉनस्टिकवर पीठ ओतलं की ते धरतच नाही, घसरून मध्ये गोळा होतं. आईचा बिडाचा तवा गावचं घर बंद केलं तेव्हा आमच्याबरोबर आला होता आणि गेली कित्येक वर्षं माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. काढला तर तांबूस गंजाने भरलेला. दोन दिवस घासला. मग तेल चोळून तापव, निववून पुन्हा चोळ, पुन्हा तापव. तेलाचा पातळ थर तापून तापून कडक काळा पापुद्रा बनतो आणि बिडाला धरून बसतो, पुढे तोच पीठ चिकटू देत नाही. हा पापुद्रा साबणाने आणि तारेच्या घासणीने एका दिवसात जातो आणि जमायला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातली घावनं मी सुरीने खरवडून काढली. आई ती तुकड्या-तुकड्यांनी खायची, चहात बुडवून.

तेल लावायला अर्धा कांदा. सुरीच्या टोकाला खोचायचा, कापलेली बाजू तेलात टेकवायची आणि तवा पुसून काढायचा. गावी नारळाच्या शेंडीने पुसायचे. तेल लावायचं म्हणजे पुसायचंच, ओतायचं नाही. तेल जास्त झालं की पीठ त्यावर तरंगतं आणि जाळी पडत नाही. मग पाण्याचा शिपका. थेंब पडला की चर्र होऊन तिथल्या तिथे संपला पाहिजे. एकदा मी मोठ्या आचेवर तवा ठेवून फोनवर बोलत राहिलो. नंतर पाणी शिंपडलं तर थेंब मोत्यासारखे गोल होऊन तवाभर पळायला लागले, आवाज न करता. मला वाटलं, वा, आज तवा काय झकास तापलाय. बाहेरून आई म्हणाली, "तवो लय तापलो. गॅस बंद कर." चर्र झालं नाही, म्हणून तिला कळलं. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला न टेकता त्यावर पळतो. योहान लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1756 साली यावर प्रबंध लिहिला, त्याच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. पाण्याचा थेंब जसा टेकत नाही तसं पीठही नीट टेकत नाही, भुरभुरून फाटतं. पाण्याचा एक शिपका मारून, अर्धा मिनिट थांबून, तवा पुन्हा कांद्याने पुसला आणि ओतलं, तेव्हा आवाज परत आला.

ओतायचं कडेने आणि मग मध्ये. पळी वीतभर उंच धरायची, तव्याच्या कडेने धार फिरवत गोल पुरा करायचा, मग आतली जागा भरायची, आणि पळी पिठाला अजिबात टेकवायची नाही. डोशाची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं. हात आपोआप पसरवायला जातो. भोकं राहिली तर राहू द्यायची, फार मोठं असेल तर त्यावर दोन थेंब. लगेच झाकण. झाकणाला आतून साचलेलं पाणी प्रत्येक वेळी पुसायचं, नाहीतर ते थेंब घावनावर पडून तेवढी जागा गिचका होते. आणि प्रत्येक पळीआधी पीठ तळापासून ढवळायचं. तांदूळ जड, तो खाली बसतो. एखाद्या वेळी विसरलो आणि वरवरचं पीठ घेतलं की आई लगेच, "झिला, ढवळ आधी." तिला कसं कळायचं, तर नुसत्या पाण्याचा चर्र वेगळा आणि पिठाचा वेगळा. पाण्याचा तापट असतो आणि लगेच विझतो. पिठाचा जरा भरीव असतो, तवाभर धावत जातो.

हे आवाज मलाही हळूहळू ऐकू यायला लागले. ओतताना मोठा चर्र. झाकणाखाली मऊ बुडबुड, भात रटरटतो त्याच्या कितीतरी हलकी. मग ती विरळ होते, मध्येच एखादा टिचका, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नाहीला महत्त्व आहे. "गप झालां काय काढ," आई सांगायची. पाणी संपलं की आवाज संपतो. झाकण उघडलं तर कडा तव्यापासून सुटून वर आलेल्या असतात, दुधी रंग जाऊन घावन जरा पारदर्शक, ओलसर चमकायला लागलेलं असतं. उलटायचं नाही. उलथनं एका बाजूने सरकवून अर्धं मुडपायचं, मग पुन्हा अर्धं, आणि त्रिकोण ताटात. बरोबर नारळाचा रस, म्हणजे दाट दुधात गूळ आणि वेलची. बायको अलिबागकडची. तिच्या माहेरी गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो, तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात गुळाबरोबर शिजवलेलं घाटलं. ते जास्त चांगलं की आमचा रस जास्त चांगला, यावर आमच्या घरात एकमत नाही. मला विचाराल तर रस. घाटलं पोट भरतं, रसात घावन नुसतं विरघळतं.

आणि हे सगळं तव्यावरून ताटात आल्यावर दोन-तीन मिनिटांत खायचं. गरम असताना ते इतकं मऊ असतं की एकावर एक ठेवलं तर चिकटून त्यांचा गोळा होतो. गार झालं की चामट. शिजलेलं स्टार्च निवताना पुन्हा आकसून कडक होतं, म्हणून. वाफेवर धरलं तर परत मऊ होतं, पण ती पहिली नाजूक जाळी येत नाही. पोळ्या करून डब्यात ठेवता येतात. घावनाचं तसं होत नाही. कुणीतरी तव्यापाशी उभं राहतं आणि बाकीचे खातात.

हे एवढं कळायला मला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागला. तोवर आई काठी घेऊन घरभर फिरायला लागली होती. माझा भाचा रेनला शिकायला आहे. हे गाव फ्रान्सच्या ब्रिटनी भागात येतं आणि ब्रिटनी म्हणजे क्रेपचं, तिकडच्या पातळ धिरड्याचं, माहेर. 2 फेब्रुवारीला, नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, तिकडे शांदलरचा सण असतो आणि घरोघरी क्रेप करतात. त्याने आजीसाठी मुद्दाम एक व्हिडिओ पाठवला. प्लास दे लिस नावाच्या चौकात दर शनिवारी मोठा बाजार भरतो, तिथल्या गाडीवरची एक बाई. समोर गोल, सपाट, काळा बिडाचा तवा, त्याला बिलिग म्हणतात. ती कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाची क्रेप करत होती, तिला गालेत म्हणतात. गोड क्रेप असते ती गव्हाच्या पिठाची, दूध, अंडी, लोणी घातलेली. तिचं पीठ तासभर झाकून ठेवतात, कारण ढवळल्यावर गव्हातलं ग्लूटेन नावाचं चिवट प्रथिन ताणलेलं असतं, ते सैल पडावं लागतं. कुट्टूत ग्लूटेन नाही, तांदळात नाही. म्हणून गालेतचं पीठ म्हणजे पीठ, पाणी आणि मीठ, आणि तिला जाळी पडते ती थेट आमच्यासारखी.

आईने व्हिडिओ तीन वेळा लावायला लावला. त्या बाईच्या हातात लाकडी दांड्याचं, इंग्रजी टी अक्षरासारखं एक हत्यार होतं, रोझेल. पळीभर पीठ ओतून ती ते मनगटातून असं फिरवायची की पीठ पापुद्र्यासारखं कडेपर्यंत जायचं. "हात बघ कसो फिरता," आई म्हणाली. "आपण वतूंन पातळ करतो, ती फिरवून करता." मग तिने फोन कानाशी नेला आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. बाजाराच्या गलबल्यातून चर्र येत होता. तिने समाधानाने मान हलवली. पहिली क्रेप बिघडतेच अशी म्हण तिकडेही आहे, असं भाच्याने खाली लिहिलं होतं, तेही मी तिला वाचून दाखवलं. ती हसली. गाडीसमोर माणसांची रांग होती, बाई एक संपवून दुसरी ओतत होती. आईने फोन माझ्याकडे दिला आणि विचारलं,

"आणि ती खाता कधी?"

मी म्हटलं, तिचा धंदाच आहे तो, खात असेल मधल्या सुट्टीत. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

कुडाळकडच्या आमच्या घरात गणपतीला पंधरा-सोळा माणसं असायची. पहाटे सहाला आई चुलीपाशी बसायची. आम्ही मुलं भिंतीशी पाटांवर ओळीने, आजोबा आणि काका पुढच्या पडवीत. तव्यावरून घावन निघालं की थेट कुणाच्या तरी ताटात. आम्ही ओरडायचो, आता माझी पाळी. आईचा चहा शेजारी निवून त्यावर साय धरायची. धुराने डोळे लाल. सगळे उठले की ती पातेल्याच्या तळाशी उरलेलं पीठ तव्यावर ओतायची आणि जे होईल ते त्या गार चहाबरोबर खायची. तिच्या ताटातलं घावन जाड असायचं, भाकरीसारखं, जाळी नसलेलं. मी रोज बघायचो. बघून बघून माझी खात्रीच झाली होती की आईला जाड घावन आवडतं.

लग्न झाल्यावर मी बायकोला हेच सांगितलं. आईला घावन जाड लागतं. बायको मनापासून करणारी. ती आईसाठी म्हणून बाजूला थोडं दाट पीठ काढून ठेवायची आणि सगळ्यांसाठी पातळ, जाळीदार घावनं झाली की आईला तिची जाड दोन करून द्यायची. पंचवीस वर्षं. आई ती खात आली.

पातेल्यात शेवटी दाट पीठ का उरतं ते आता मला माहीत आहे. कितीही ढवळलं तरी प्रत्येक पळीबरोबर थोडं पाणी जास्त निघून जातं आणि तांदूळ तळाला राहतो. पंधरा माणसांचं पीठ असेल तर शेवटची पळी लापशीसारखी होते. शेवटचं घावन जाड होतं ते कुणाच्या आवडीमुळे नाही. ज्याला शेवटी खायचं त्याच्या वाट्याला ते येतं, एवढंच. व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, घरी पाहुणे होते, मी बावीस घावनं घातली. शेवटचं माझं होतं. एक तुकडा तोंडात घातला आणि तव्यापाशी तसाच उभा राहिलो.

दुपारी सगळे गेल्यावर आईच्या पायाशी बसून विचारलं, तुला जाड घावन आवडतं ना?

"जाड कोणाक आवाडता?" ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कोणी इचारल्यानच नाय."

ती रागाने म्हणाली नाही. गुडघ्यावर तेल चोळत होती, तेच काम चालू ठेवून म्हणाली. बायको दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली, आधीच लावलेली.

आता आमच्याकडे रविवारी घावनं असतात तेव्हा पहिलं फसतं ते तव्याचं, दुसरं आईचं. ती ओट्याशेजारी खुर्ची ओढून बसते आणि ताट मांडीवर घेते. मी आणि बायको पाळीपाळीने उभे राहतो, पाच तिची, पाच माझी, म्हणजे दोघांनाही मध्ये गरम मिळतं. मुलगीही शिकली आहे, तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा फिरतो. आणि पातेल्यात दोन-तीन पळ्या पीठ उरलं की मी त्यात अर्धी वाटी पाणी घालतो, तळ खरवडून नीट ढवळतो, बोटावर घेऊन बघतो.

गेल्या रविवारी आई हात धुवून बाहेर जाऊन बसली होती. भिंतीच्या पलीकडे. मी पाणी घालून शेवटची पळी ओतली. चर्र तवाभर धावत गेला.

"अजून किती रवले?" तिने बाहेरून विचारलं.

"हे शेवटचंच."

ती जरा वेळ ऐकत राहिली. झाकणाखालची बुडबुड चालू होती.

"ह्यां शेवटचां नाय," ती म्हणाली.